गोदीला काय झालंय?

कांद्याची चाळ फोडायची म्हणजे आधी नाकाला पदर बांधायचा. उन्हाळ्यात भरून ठेवलेला कांदा महिनोन्‌महिने आपल्याच उबेत बसलेला असतो. बाजूची ताटी काढली की आतून जो भपकारा येतो, तो डोळ्यांत जातो, केसांत जातो, दोरीवरच्या धुतलेल्या कपड्यांत जातो आणि संध्याकाळी चहाच्या कपातही सापडतो. लग्न होऊन आले त्या वर्षी या वासानं मला मळमळायचं आणि बायका भलताच अर्थ काढून गालातल्या गालात हसायच्या. आता तसं होत नाही. आता श्रावण संपत आला, बाहेर बुरबुर पाऊस लागला आणि चाळीतून तो वास आला की मला बरं वाटतं. आपल्याला कुणीतरी सांभाळून घेतलंय असं उगाच वाटत राहतं. उगाच कसलं म्हणा! त्याला कारण आहे. ते कारण दोन पायांचं होतं, अंगभर पिसांचं होतं आणि त्याचं नाव गोदी होतं.

माझं माहेर कोपरगावकडचं. नदी, पाट, ऊस, काळी माती. घरातून बाहेर पडलं की पाय चिखलात. सासर सुप्याच्या बाजूला, त्याच नगर जिल्ह्यात, पण जणू दुसऱ्या देशात. इथे पाऊस येतो तो पाहुण्यासारखा, चहासुद्धा न घेता निघून जातो. आईला या गावाचं फार वाईट वाटायचं. “पोरीला दगडात दिली,” म्हणायची. मग स्वतःच म्हणायची, “पण सासू तोंडानं फटकळ आसली तरी मनानं चांगली दिसती.” हे तिला एका भेटीत कसं कळलं कोण जाणे. मला कळायला बरीच वर्षं लागली.

आई माघात गेली. तेरावा झाला, पाहुणे पांगले आणि दादा म्हणाला, आता या कोंबड्या कोण बघणार, देऊन टाकतो. दिल्यासुद्धा. मी निघायच्या दिवशी आईच्या खोलीत झाडू मारत होते, तर कोपऱ्यात बाजरीच्या टोपलीत अंडी दिसली. आई चांगली चांगली अंडी निवडून, कोळशानं एक रेघ ओढून, बाजूला ठेवायची. रेघ म्हणजे ही खायची नाहीत, कोंबडीखाली बसवायची. तिला बसवायला वेळ मिळाला नव्हता. मी एका पत्र्याच्या डब्यात बाजरी ओतली, बाजरीत ती अंडी खोचली आणि डबा मांडीवर घेऊन एसटीत बसले. कंडक्टर म्हणाला, “ताई, डबा वर ठिवा.” मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, “सोनं हाय काय?” मी म्हटलं, “अंडी हायेत.” अख्खी गाडी हसली. मीही हसले आणि हसता हसता जे रडायला लागले ते नगर येईपर्यंत. शेजारच्या बाईनं काही न विचारता खिडकी तेवढी लावून घेतली. असे लोक भेटतात.

घरी आत्याबाईंनी डबा उघडून पाहिला. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई; आमच्यात सासूला असंच म्हणतात. त्यांनी एकेक अंडं कानाशी धरून हलवलं, उन्हात धरलं. “गाडीत हिंदकळल्यात. काय खरं न्हाई,” म्हणाल्या. तरी त्यांनी त्यांची लाल कोंबडी, जी तेव्हा नेमकी अंडी उबवायला खुडूक बसली होती, तिच्याखालची सगळी अंडी काढून माझी ठेवली. तेवढे दिवस मी रोज सकाळी डालग्यापाशी जाऊन बसायची. “सारखी उचकू नगं तिला, पळून जाईल उठून,” म्हणून शिव्याही खायची.

पिल्लं निघायच्या दिवशी मी नेमकी घरी नव्हते. मी ब्लाउज शिवते, त्याचं अस्तर आणायला नगरला गेले होते. परत आले तर आत्याबाई पदरात काहीतरी घेऊन उंबऱ्यात उभ्या. “एकच निघालं बघ. बाकीची गंदी निघाली, टाकली उकिरड्यावर.” पदरात तांबूस रंगाचा ओला गोळा, मानेवर काळे ठिपके. माझ्या आईच्या सगळ्या कोंबड्या काबऱ्या, अशाच ठिपक्यांच्या होत्या. मी त्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं आणि मला दुसरं काही नको झालं. आईच्या नदीवरून नाव ठेवलं, गोदी. आत्याबाई म्हणाल्या, “नाव ठिवलं म्हंजे आता कापायची पंचाईत.”

त्यांचं हे असं. आयुष्यात कधी म्हणाल्या नाहीत की तू दमलीस, बस जरा. “काय ते मशिनीवर वाकून बसली, पाठीला कुबड यील,” म्हणायच्या आणि उशी आणून पाठीला लावायच्या. मला त्या उशीपेक्षा कुबडच जास्त ऐकू यायचं. सासूचं बोलणं जसंच्या तसं ऐकायची सवय सगळ्या सुनांना असते, तशी मलाही होती.

गोदी उन्हाळ्यात वाढली. काय तिचा तोरा! दाणे टाकायला हात वर केला की सगळ्यांच्या पुढे, पायाच्या नखाला लाल रंग लावला असला की त्यावर चोच. श्रावण लागला तेव्हा ती तलंग झाली होती, म्हणजे आज अंडं घालेल की उद्या अशी. तुरा लाल झाला होता. शेजारच्या शकिलाभाभी येता-जाता विचारायच्या, “काय गं, तुझ्या गोदीनं दिलं का पेढ्याचं निमित्त?”

आणि मग चाळ फुटली. अंगणभर कांदा. मोठा एका बाजूला, गोल्टी म्हणजे बारका दुसऱ्या बाजूला, सडका टोपलीत. मजुरीला आलेल्या बायका, शकिलाभाभी, आत्याबाई, मी. कोंबड्यांची तर दिवाळीच. सडक्या कांद्यातल्या अळ्या वेचत फिरायच्या, भरलेल्या गोण्या शिवणाऱ्या बायांच्या पायात यायच्या, हाकललं तरी परत. त्याच गडबडीत एका सकाळी मी पाहिलं, गोदी दाण्यावर आली नाही. चाळीच्या खांबाला टेकून उभी होती. पंख ढिले सोडलेले, मान खांद्यात ओढून घेतलेली, डोळे अर्धे मिटलेले. मी पुढ्यात बाजरी टाकली. तिनं बघितलं, एक दाणा उचलला, खाली टाकला.

अंगणात एवढ्या बायका असल्यावर वैद्याची काय कमी! एकीचं म्हणणं, नजर लागली, एवढी नाचत होती ना. मीठ-मिरच्या उतरून चुलीत टाकल्या. ठसका आम्हाला लागला, गोदी जागची हलली नाही. दुसरीनं शेपटीकडून चाचपलं आणि सांगितलं, पहिलं अंडं अडकलंय. कोमट पाण्याच्या घमेल्यात तिला बसवलं, शेक दिला. अंडं काही नव्हतंच. शकिलाभाभी माझ्यासारख्याच काळजीत, कारण त्यांच्या घरच्या कोंबड्या आमच्याच अंगणात चरायच्या. त्यांनी गोदीची मान दोन्ही बाजूंना वळवून पाहिली, विष्ठा पाहिली. “मान वाकडी पडत न्हाई. मानमोडी आसती तर आतापतुर गल्लीतल्या चार मेल्या आसत्या. पण येगळी ठेव बाई.”

आत्याबाई म्हणाल्या, “खुडूक झाली आसंल.”

“अजून एक अंडं न्हाई घातलं, खुडूक कशी हुईल?” शकिलाभाभी म्हणाल्या.

“तुला काय म्हाईत? घालत आसंल कुठंतरी तुरीत लपून. फुगून बसती, खात न्हाई, हलत न्हाई. दुसरं काय आसतंय?”

खुडूक मोडायची आमच्याकडची रीत म्हणजे कोंबडीला गार पाण्यात बुडवायचं. अंगातली ऊब उतरली की बसायचं सोडते म्हणतात. मी नको नको म्हणेपर्यंत आत्याबाईंनी गोदीला हौदात गळ्यापर्यंत बुचकळून काढलंसुद्धा. ती फडफडलीही नाही. नुसती थरथरत राहिली. मी माझ्या मशिनीवरचं अस्तराचं कापड ओढलं, तिला गुंडाळलं आणि पहिल्यांदा आत्याबाईंवर ओरडले. “मारायचीच आहे तर सरळ मारा ना!” अंगणात सगळ्यांचे हात थांबले. आत्याबाईंनी चुलीपुढची राख बाजूला केली, तिथे पोतं अंथरलं आणि म्हणाल्या, “इथं ठिव तिला. ऊब हाय.”

मारायचं मी रागात म्हटलं होतं, पण घरात ते बोलणं सुरू झालंच होतं. पोळा जवळ आला होता. पोळ्याला श्रावण सरतो आणि दुसऱ्या दिवशी, करीला, महिनाभर थांबलेली तोंडं मटणावर तुटून पडतात. आमचे हे सुप्याच्या एमआयडीसीत नोकरीला. त्यांचे कंपनीतले मित्र करीला जेवायला यायचे होते. “ती तशीही जाणार,” हे हळू आवाजात म्हणाले. “मेल्यावर कुत्र्याला टाकण्यापेक्षा...” वाईट माणूस नाही. पण कोंबडी म्हणजे कोंबडी, हे त्यांचं खरं होतं. माझंही खरं होतं. माझ्या आईनं कोळशानं रेघ ओढलेलं जगात एवढंच उरलं होतं. श्रावण होता म्हणूनच ती तोवर जिवंत होती. देवधर्माचं मला फारसं नाही, पण त्या श्रावणाचे उपकार मी अजून मानते.

आत्याबाईच म्हणाल्या, “करीचं करीला बघू. आधी तिला काय झालंय ते तर कळू दे.” मग मलाच, “त्या जनावराच्या डॉक्टरला लाव की फोन. मशिनीवरच्या बायकांशी तास तास बोलती.”

डॉक्टर भला माणूस. पोळ्याच्या तोंडावर सगळ्या गावांची बैलं त्याच्या मागे, तरी त्यानं कोंबडीसाठी फोन ठेवला नाही. म्हणाला, उद्या सकाळी दाणे टाकायच्या आधी तिच्या गळ्याखालची पिशवी चाचपा. रात्रभरात ती रिकामी व्हायला हवी. सकाळी आम्ही दोघींनी चाचपली. घट्ट मळलेल्या कणकेच्या गोळ्यासारखी लागली. म्हणजे खाल्लेलं खाली उतरतच नव्हतं. ती फुगून बसली नव्हती, उपाशी होती; गळ्यातली पिशवी गच्च आणि पोट रिकामं. पुन्हा फोन. डॉक्टर म्हणाला, चमचाभर गोडेतेल पाजा, हळूहळू चोळा, मी दुपारी येतो.

मी गोदीला मांडीवर घेतलं. आत्याबाईंनी चमचा आणला. चोच उघडली आणि तेल आत जाईना, बाहेर सांडलं. मी मोबाईलचा उजेड आत पाडला. जिभेच्या मुळाशी काहीतरी पिवळट होतं. आधी वाटलं, बुरशी. मग ओळखलं. सुतळी! गोण्या शिवतात त्या सुतळीचा उसवलेला एक धागा. अळी समजून गिळायला गेली असणार. जिभेला त्याचा फास बसला होता आणि उरलेला गळ्यातून खाली. जीभ काळीनिळी पडली होती. एवढे दिवस आम्ही तिची शेपटी पाहिली, मान पाहिली, पिसं पाहिली, विष्ठा पाहिली. तोंड उघडून कुणी पाहिलंच नव्हतं.

मी ओढायला गेले. आत्याबाईंनी मनगट धरलं. “ओढू नगं. आतनं फाटंल. काप.”

डॉक्टरचा फोन लागेना. जीभ तर डोळ्यांदेखत सुजत होती. आत्याबाईंच्या दोन्ही डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू, त्यांना सुई ओवता येत नव्हती. कापायचं कुणी असेल तर मी. धागे कापायची टोकदार कात्री माझ्याकडे, सवय माझ्याकडे. मी कात्री गरम पाण्यातून काढली. शकिलाभाभींनी पंख धरले, आत्याबाईंनी चोच उघडून धरली, मी कात्री आत नेली. आणि माझा हात असा थरथरायला लागला, की टोक चोचीवर टकटक वाजायला लागलं. फास आणि जीभ यांच्यात केसाएवढी जागा. मी कात्री बाहेर काढली. मी म्हटलं, “मला नाही जमणार आत्याबाई. जीभ कापली गेली तर? ही गेली तर आईचं काहीच उरणार नाही.”

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. दिसत फारसं नव्हतंच त्यांना, पण पाहिलं.

“इकडं ऐक,” म्हणाल्या. “तुझ्या आईची न्हाई ती. तुझी समदी अंडी गंदी निघाली व्हती. एक बी निघालं न्हाई. तू रडत यशील म्हणून मी हिच्या घरचं पिल्लू आणून ठिवलं.” आणि मानेनं शकिलाभाभींकडे खूण केली. “साधी गावातली कोंबडी हाय. मेली तर दुसरी आणू. काप आता.”

मला असा राग आला! कानशिलं तापली. एवढे महिने मी एका परक्या कोंबडीला आईची म्हणून उराशी धरत होते आणि या दोघी मजा बघत होत्या? मी दात आवळले, कात्री आत घातली आणि फास कापला. कट्‌ आवाज झाला. एक थेंब रक्त नाही. गोदीनं जीभ हलवली, तोंड मिटलं, आणि मग माझ्या लक्षात आलं, की माझ्या हाताची थरथर कधीच थांबली होती. रागानं, की सुटकेनं, ते माहीत नाही.

दुपारी डॉक्टर आला. तेल पाजून मऊ झालेल्या पिशवीला त्यानं हळूहळू चोळलं आणि चिमट्यानं तो धागा बोटाबोटानं बाहेर काढला. त्याला कांद्याची सालपटं गुंडाळलेली. “छान कापलंय,” म्हणाला. “कुणी?” आत्याबाई म्हणाल्या, “आमच्या सुनंनं.” त्यांच्या तोंडून माझं कौतुक मी पहिल्यांदा ऐकलं, आणि नेमकी तेव्हाच मी त्यांच्याशी बोलत नव्हते.

पोळ्याच्या दिवशी गोदीनं पुरणाचा एवढुसा गोळा खाल्ला. करीला ह्यांचे मित्र आले. आत्याबाईंनी बाजारातून मटण मागवलं आणि ह्यांनी कोंबडीचं नाव काढायच्या आत ताटं वाढली. गोदी चुलीशेजारच्या पोत्यावर बसून होती. काही दिवसांनी तिनं पहिलं अंडं घातलं. लहानसं, वाकडं, एका बाजूला खरबरीत. शकिलाभाभींना पेढा दिला. पुढे बरीच वर्षं राहिली ती. तिची पिल्लं, त्यांची पिल्लं आजही अंगणात आहेत, आणि त्यातल्या काहींच्या मानेवर ठिपके असतात. पण शकिलाभाभींचा तेव्हाचा कोंबडाही ठिपक्यांचाच होता. त्यामुळे त्यावरून गोदी कुणाची ते काही ठरत नाही.

माझा राग ओसरल्यावर मला वेगळंच वाटायला लागलं. आत्याबाई ते खरं बोलल्या होत्या का? की माझा हात थरथरतोय हे ओळखून, तिथल्या तिथे, सुचलं तसं बोलल्या होत्या? शकिलाभाभींना विचारलं. त्या पदर तोंडाला लावून हसल्या. “मला कशाला मधी घेती? तुझ्या सासूला इचार.” विचारायचं धाडस मला लवकर झालं नाही. राग गेल्यावर लाज होती, लाज गेल्यावर भीती होती. उत्तराची भीती.

यंदा विचारलं. आत्याबाई आता चाळ फोडताना कामाला नसतात, पण बसतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, सगळं लख्ख दिसतं, त्यामुळे सगळ्यांच्या चुका काढतात. आम्ही दोघीच गोल्टी निवडत होतो. मी म्हटलं, “आत्याबाई, खरं सांगा. गोदी कुणाची होती? तुम्ही पिल्लू दिलं तेव्हा खोटं बोललात, का कात्रीच्या वेळी?”

त्यांनी हातातला कांदा फिरवून पाहिला. “आता काय करायचंय त्याचं?”

“असंच.”

“तुला कुठलं खरं पाहिजे?”

मी विचार केला. खरंच केला. पिल्लू आईचं होतं असं म्हटलं तर आई जरा जास्त दिवस राहिली माझ्याजवळ. नव्हतं म्हटलं तर या बाईनं माझे आसू बघवेनात म्हणून शेजारणीच्या दारात जाऊन पिल्लू मागितलं; ती बाई, जिचं प्रत्येक वाक्य मला टोचायचं. दोन्हीपैकी एकही मला सोडवेना.

“सांगता येत नाही,” मी म्हटलं.

“मग मला तरी कसं यील?” त्या म्हणाल्या आणि कांदा पाटीत टाकला.

मी पुढे विचारलं नाही, आणि आता विचारणारही नाही. एकदा त्या माझ्यासाठी खोटं बोलल्या, एवढं नक्की. मी रडू नये म्हणून तरी, नाहीतर माझा हात थरथरू नये म्हणून तरी. माझी आई तिथे असती, तर तिनं दोन्ही वेळा हेच केलं असतं.